पुण्य, पाप आणि दुसरा मजला
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आधीच सांगून टाकतो, मी संगीतातला जाणकार नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. भजनाला टाळ धरतो, एवढाच माझा अधिकार. तरी आज मी एका रॅपरबद्दल बोलणार आहे. हसू नका, चार महिन्यांपूर्वी मीही हसलो होतो.

माझा मुलगा इंटरला आहे. मागच्या वर्षी त्याने विचारलं, "बाबा, गुणदर्शनात मी माझं रॅप म्हणू का?" मी ऐकूनही न घेता "नको" म्हटलं. त्यानंतर तो आपल्या कार्यक्रमांना यायचाच बंद झाला. हे काही बरोबर झालं नाही, असं मनाला लागून राहिलं. म्हणून एका रविवारी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "काय ऐकतोस, मलाही ऐकव."

त्याने डिवाइन लावला. खरं नाव विवियन फर्नांडिस, मुंबईत अंधेरीच्या जे. बी. नगरचा. आई नोकरीसाठी परदेशी, त्यामुळे आजीजवळ वाढला. शाळेत मित्राच्या टी-शर्टवर एका अमेरिकन रॅपरचं चित्र पाहिलं, त्यातून हे वेड लागलं. 2015 साली कुर्ल्याच्या नेझीबरोबर त्याचं 'मेरे गली में' आलं आणि 2019 मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' हा सिनेमा. त्याच वर्षी डिवाइनचा पहिला अल्बम निघाला. नाव काय, तर 'कोहिनूर'! म्हणजे आपल्या गोवळकोंडा राज्याच्या खाणीतला समजला जाणारा हिरा. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्याच गावाकडचा निघाला!

पण मला बोलायचंय ते दुसऱ्या अल्बमबद्दल, 'पुण्य पाप'बद्दल. तो आला 3 डिसेंबर 2020 ला. आमच्या धंद्यात पहिला मजला उभा राहतो, दुसरा चढवताना पायाची परीक्षा होते. कलावंताचंही तसंच असावं. पहिल्या कामात लहानपणापासूनचं साचलेलं सगळं ओतता येतं. दुसऱ्या वेळी ती शिदोरी संपलेली असते, वर सिनेमाने नाव झालेलं. तेच ते पुन्हा सांगण्याचा मोह किती मोठा!

त्यात ते करोनाचं वर्ष. आपणही बाप्पा साधेपणानेच बसवले होते. रॅपरची मोठी कमाई रंगमंचावरच्या कार्यक्रमांची, आणि तेच बंद. अशा वेळी या माणसाने टाळेबंदीत बसून लिहिलं. गल्ली सोडली नाही, पण या वेळी बोट स्वतःकडे वळवलं. पैसा आला, नाव आलं, आता आपल्या खात्यात पुण्य किती नि पाप किती, असा हिशेब मांडला. चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना आपल्याला नवी नाही. पण पंचविशी-तिशीतली पोरं ती कानात यंत्र घालून ऐकतात, हे मला नवं होतं.

आणि लोकांनी ते घेतलं. त्यातलं 'मिर्ची' कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. त्या एका गाण्यात अंधेरीचा डिवाइन, धारावीचा एमसी अल्ताफ आणि लंडनचा, मूळ जमैकन घराण्यातला स्टायलो जी एकत्र आहेत. अल्बमच्या वेळी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर डिवाइनचं चित्र झळकलं. आपल्याकडे सिनेमाशिवाय गाणी खपवणं अवघड. कॅसेटच्या काळात आनंद शिंद्यांच्या 'नवीन पोपट'ने ते करून दाखवलं होतं. तेव्हा बडी चौडीच्या बाजारात गर्दीतून कॅसेट वाजताना ऐकू यायची; आता तेच काम मोबाइल करतो. साधन बदललं. एकदा ऐकून माणूस पुन्हा लावतो की नाही, ही परीक्षा तीच राहिली.

मला यशाचं कारण भाषेत दिसतं. हा माणूस पुस्तकी हिंदी बोलत नाही. गल्लीतली मुंबई हिंदी, तिच्यात मराठीची फोडणी. आपण सुलतान बाजारात वेगळं काय करतो? घरी मराठी, दुकानात दखनी, कचेरीत तेलुगू. दखनीतला 'नक्को' हा आपलाच 'नको' आहे. ही आपली बोली आपण घरात बोलतो, मंचावर मात्र लपवतो. जुन्या गणेशोत्सवातले मेळे आठवा. पोरं स्वतः रचलेली पदं म्हणायची, समाजाला चार शब्द सुनवायची. तेव्हाही काही वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडलीच असतील.

सगळं रॅप चांगलं असतं असं माझं म्हणणं नाही. शिव्या मलाही खपत नाहीत, आणि मुलाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, माझ्यात शिव्या नाहीत. तुम्ही ऐकलंच नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. यंदाच्या गुणदर्शनात दहा मिनिटं मुलांच्या स्वतःच्या रचनांसाठी ठेवा. अट दोनच: शब्द स्वतःचे आणि शिवी नको. माझा मुलगा येईल का, सांगता येत नाही. पण मी त्याला मागच्या वर्षी 'नको' म्हटलं होतं. या वर्षी 'ये' म्हणायला मला जागा द्या.

गणपती बाप्पा मोरया!