मुक्या जनावराचे दुखणे
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोळा नुकताच झाला आहे, म्हणून आज जनावरांविषयी बोलण्याचे धाडस करतो. मी पशुवैद्य नाही. माझी सारी नोकरी इथे भिलाईला, कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीत गेली. पण या विषयाचे एक ऋण माझ्या डोक्यावर आहे, ते आधी सांगतो.

नोकरी नवी असताना रजेवर वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. गोठ्यातली गव्हाण मोडकळीला आली होती. ती मी तारेने घट्ट बांधून दिली. तारेचे तुकडे तिथेच पडून राहिले. दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा आई म्हणाली, "अरे, गाय उताराने उतरायला पाहत नाही. पाठ कमानीसारखी करून उभी राहते. रवंथही कमी झाला." मी गाईच्या अंगाला हात लावला आणि म्हटले, "ताप तर दिसत नाही. दोन दिवस पाहू." दोनाचे आठ दिवस झाले. डॉक्टर आले तेव्हा गळ्याखालची पोळी सुजली होती. पोटात गेलेली तार हृदयापर्यंत पोचली होती. गाय वाचली नाही.

पुढे याची कारणे वाचली. गाय चारा फारसा न चावता गिळते, नंतर रवंथ करते. चाऱ्यातली तार किंवा खिळा पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो. तो कप्पा आणि हृदय यांत जेमतेम एका पडद्याचे अंतर. उतारावर पोटातला भार पुढे सरकतो आणि तार टोचते, म्हणून गाय उतार टाळते. म्हणजे आईने सांगितलेली लक्षणे हेच निम्मे निदान होते! वेळीच कळले तर डॉक्टर गाईला लोहचुंबक गिळायला देतात. तार त्याला चिकटून राहते आणि पुष्कळदा जनावर वाचते. लोखंडाच्या कारखान्यातल्या माणसाला हे ठाऊक नसावे, याची खंत आजही वाटते.

आई जे डोळ्यांनी पाहत होती, ते आता संशोधक आकड्यांत मांडत आहेत. गंमत म्हणजे सुरुवात बाप्पाच्या वाहनापासूनच झाली. २०१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. २०१४ मध्ये घोड्यांसाठी आणि २०१९ मध्ये मांजरांसाठी तशीच पट्टी आली. मांजराचे कान, डोळे, तोंडाजवळचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण पाहून प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. गाईसाठी कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कान, डोके, चेहरा आणि पाठीची कमान यांवरून अशीच पद्धत मांडली.

त्याहून नवल २००७ सालच्या एका अभ्यासाचे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गाईंच्या चाऱ्याची नोंद ठेवली गेली. विण्यानंतर ज्या गाईंना गर्भाशयाचा तीव्र दाह झाला, त्यांनी विण्याच्या दोन आठवडे आधीपासूनच खाणे कमी केले होते. रोग दिसण्यापूर्वी वागणे बदलले होते!

आता गाईच्या गळ्यात पट्टा बांधतात. ती किती वेळ रवंथ करते, किती चालते, हे त्यातले यंत्र टिपते. निरोगी गाय दिवसाकाठी साधारण सात-आठ तास रवंथ करते. कारखान्यातल्या सहकाऱ्यांना सांगायला हरकत नाही, की बेअरिंगची थरथर मोजायला आपण जो ॲक्सेलरोमीटर वापरतो, त्याच जातीचा सेन्सर अशा पट्ट्यांत असतो. तत्त्वही तेच. दुसऱ्या यंत्राशी तुलना करण्यापेक्षा त्याच यंत्राच्या कालच्या नोंदीशी तुलना करायची. मात्र पट्टा बिघाड झाल्याचे सांगतो, कोणता झाला ते सांगत नाही. निदान डॉक्टरांनीच करायचे.

आपल्यापैकी अनेकांच्या गावी अजून गोठा आहे, काहींच्या क्वार्टरमध्ये कुत्रे-मांजर आहे. पट्टा परवडला नाही तरी वही परवडते. खाणे, रवंथ, शेण, चाल, उभे राहण्याची ढब यांत बदल दिसला की तारीख लिहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. त्या निमित्ताने जुवाखालचा खांदा वर्षातून एकदा तरी हाताने तपासला जातो. तोच हात रोज फिरवावा. गोठ्यात तारेचा तुकडा राहू देऊ नये. शेजारीच दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुरांसाठी फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

शेवटी एकच विनंती. जनावराला रोज चारा घालणारे माणूस, बहुधा घरातली बाईच, "आज हिचे काहीतरी बिनसले आहे" असे म्हणाले, तर पुरावा मागत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. मी बोलावले नव्हते.

गणपती बाप्पा मोरया!