परकराची नाडी आणि कंबरेची कातडी

आज बोलायचंय ते कंबरेबद्दल. जरा लाजायचंच काम, पण रेडिओवर कोण कुणाला बघतंय!

आमच्या गटातल्या एक मावशी बैठकीत सारख्या एका अंगावर कलून बसायच्या. खूप विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाडीखाली चिघळलंय गं, सहा महिने झाले. हळद भरते. कंबर काय डॉक्टरला दाखवायची?"

आपली कातडी बारीक बारीक पेशींची बनलेली असते. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात झडून जातात. रोज एकाच जागी नाडी काचली की या पेशींवर ताण येतो. मग कातडी जाड होते, काळी पडते. तो काळा पट्टा आपल्यातल्या कितीतरी जणींना आहे. तो काही कॅन्सर नव्हे, घाबरू नका.

खरी भीती वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेची. ती भरायला पेशी पुन्हा पुन्हा एकीच्या दोन होत राहतात. प्रत्येक पेशीत डीएनए असतो, म्हणजे तिनं कसं वागायचं याची जणू वही. दर वेळी त्या वहीची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. सततच्या दाहानं मूळ वहीही खराब होते. चांगली पेशी अशा वेळी थांबते, चूक दुरुस्त करते. नाहीच जमलं तर स्वतःहून मरते. पण एखादी निसटते आणि वाढतच जाते. तोच कॅन्सर.

2024 साली वर्धा आणि बिहारमधलं मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकीकत वैद्यकीय मासिकात छापली. एक सत्तर वर्षांची, परकर घट्ट बांधणारी. दुसरी साठी उलटलेली, चाळीस वर्षं लुगडं कंबरेला आवळून नेसलेली. दोघींची जखम कॅन्सरची निघाली. दुसरीच्या तर जांघेतल्या गाठीपर्यंत तो पोचला होता. असं क्वचितच होतं, पण होतं.

बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारून मी मावशींना दवाखान्यात नेलं. जखमेचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना झोप नाही, मलाही नाही. कॅन्सर नव्हता. मलमपट्टी केली, नाडी सोडली, आणि दोन महिन्यांत जखम भरली.

तुमची जखम महिन्याभरात भरली नाही, कडा उचलल्या किंवा रक्त येऊ लागलं, तर हळदीवर थांबू नका.

आणि पुढच्या बैठकीला दोन-दोन परकर घेऊन या. आमच्या मशीनवाल्या ताई नाडी काढून तीन बोटं रुंद पट्टी लावून देणार आहेत. पट्टीचा खर्च गटाचा.