आई, तू स्टँडवर येऊ नकोस

आज आपल्या घरातलंच बोलूया.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अकरावीला कराडला जाते. ताई भांगलणीला जातात. एकदा बाजार करून त्या स्टँडवर आल्या, तर लेक मैत्रिणींबरोबर उभी. ताईंनी हाक मारली. लेकीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रात्री म्हणाली, "आई, तू स्टँडवर येऊ नकोस."

ताईंनी हे बैठकीत सांगितलं, तेव्हा आधी आम्ही चिडलोच. मग एकजण हळूच म्हणाली, "माझं पोरगंही गाडी पाहिजे म्हणून दोन दिवस जेवलं नाही." तिच्यामागून तिसरी बोलली. हे एका घरचं दुखणं नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

चांगलं राहावंसं वाटणं हे काही पाप नाही. आपल्यालाही त्या वयात वाटायचंच की! पण पोरांना मोबाईलमध्ये दिवसभर दुसऱ्याचं सुखच दिसतं, त्यामागचं कर्ज दिसत नाही. या पोरीनं आपला बंगला आहे असं मैत्रिणींना सांगितलं होतं. शोभावं म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून फोनही घेतला होता. "पैसे सावकाश दे," म्हणाला होता तो. मैत्रिणींनो, खरा धोका इथं असतो. असं उपकाराचं ओझं पुढं पोरीला कुठं नेईल, सांगता येत नाही.

ताईंनी हात उगारला नाही. गटाचं पासबुक आणि वही लेकीपुढं ठेवली. "या महिन्याचा हिशेब तू लिही." लेकीनं लिहिला. तेल, दळण, गटाचा हप्ता, तिची पुस्तकं. आईच्या स्वतःच्या नावावर एक रुपयाही खर्च नव्हता. पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी दोघींनी जाऊन फोन परत केला.

आपल्याच कराड तालुक्यात, काले गावी, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबांची पोरं राबून शिकली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा दिलं. कष्टाची लाज न बाळगणारी ही आपली माती आहे. पोरांना हे आपणच सांगायला हवं.

गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शिकायला जाण्यासाठी एसटीचा पास मोफत आहे, तो काढा. अठराच्या आतल्या मुलामुलीला कुणी नादी लावत असेल, त्रास देत असेल, तर १०९८ हा नंबर फिरवा. पैसे पडत नाहीत.

आणि या महिन्याचा घरचा हिशेब पोरांच्या हातानं लिहून घ्या. गरिबी लपवली की पोरं खोटं बोलायला शिकतात. समोर मांडली की सोबत उभी राहतात.

परवा ताई पुन्हा स्टँडवर गेल्या होत्या. लेकीनं येऊन हातातली पिशवी घेतली. मैत्रिणींना म्हणाली, "ही माझी आई."