दोन भाषांची वही

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



गेल्या साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना महाविद्यालयातील पहिला तास आठवत असेल. फळ्यावरची आकृती ओळखीची असते, तिच्याभोवतीचे शब्द मात्र परके असतात. भिंगातून जाणारा किरण तोच. पण शाळेत त्याचे अपवर्तन होत असे, येथे त्याचे 'रिफ्रॅक्शन' होते. शाळेत जिचा हात सर्वांत आधी वर जाई, त्या मुलीचा हात येथे बाकावरून उचलत नाही. उत्तर ठाऊक असते, वाक्य जुळत नाही. पहिल्या चाचणीत गुण घसरतात. मुलगी निष्कर्ष काढते, 'आपल्याला विषयच समजत नाही.' घरी आईवडील दुसरा निष्कर्ष काढतात, 'शाळा निवडण्यातच चूक झाली.' धाकट्या भावंडाचा प्रवेश मग दुसरीकडे होतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांचे वर्ग असेच एकेका घराच्या निर्णयाने रिकामे होत जातात. म्हणून हे दोन्ही निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 साली एक महत्त्वाचा भेद मांडला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा अभ्यास करताना त्यांना आढळले, की नव्या भाषेत सफाईने बोलणे मुलांना साधारण दोन वर्षांत जमते. परंतु त्याच भाषेत व्याख्या करणे, कारणे देणे, तुलना करणे, युक्तिवाद लिहिणे यांत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारचा मुलगा इंग्रजी फडाफडा बोलतो म्हणून तो अर्थशास्त्राचे उत्तरही तितकेच चांगले लिहील, असे मुळीच नाही. आणि आपली मुलगी बोलताना अडखळते म्हणून तिला विषय कळला नाही, असेही नाही.

कमिन्स यांचे दुसरे प्रतिपादन अधिक धीर देणारे आहे. एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागत नाही. जडत्व म्हणजे काय, हे ज्याला मराठीत खरोखर उमगले आहे, त्याला 'इनर्शिया' हा केवळ नवा शब्द शिकायचा असतो. नवी संकल्पना नव्हे. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द घोकणाऱ्या मुलाला त्यात प्रकाश दिसतोच असे नाही. 'प्रकाशसंश्लेषण' शिकलेल्या मुलाला तो शब्दातच दिसतो.

पण येथे एक अट आहे, आणि ती स्पष्ट बोलून दाखवली पाहिजे. समज असेल तरच ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाईल. मार्गदर्शकातील उत्तरे मराठीत पाठ करून गुण मिळवले असतील, तर महाविद्यालयात न्यायला काहीच शिल्लक राहत नाही. मातृभाषेत शिकण्याचा लाभ आपोआप होत नाही; त्या भाषेत विचार केला आणि स्वतःच्या वाक्यांत लिहिला, तरच होतो. पालकांच्या तक्रारीत तथ्य असेल तर ते एवढेच आहे. तिचे उत्तर माध्यम बदलण्यात नाही. पाठांतराची जागा लेखनाला देण्यात आहे.

बृहन्महाराष्ट्रातल्या मुलाजवळ आणखी एक भांडवल असते, त्याची दखल सहसा घेतली जात नाही. तो घरी मराठी बोलतो, बाजारात गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलतो, आणि एका भाषेतली गोष्ट दुसरीत सांगण्याचा सराव त्याला लहानपणापासून असतो. ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. बडोदे संस्थानात 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कारभारातील शब्दांचा कोश सिद्ध झाला, तो तब्बल आठ भाषांचा. दोन भाषा शेजारी ठेवून काम करणे हे आपल्या पूर्वसूरींना कमीपणाचे वाटले नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यानेही हाच मार्ग धरावा.

त्याची सुरुवात वहीपासून होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी टिपणांची एक पद्धत रूढ केली. पानावर उभी रेघ मारून रुंद भागात व्याख्यानाची टिपणे घ्यायची, अरुंद भागात नंतर मुद्दे व प्रश्न लिहायचे, आणि तळाशी पानाचा सारांश द्यायचा. आपल्या विद्यार्थ्याने या पद्धतीत थोडा बदल करावा. रुंद भागात प्राध्यापकांचे इंग्रजी शब्द जसेच्या तसे यावेत. अरुंद भागात त्याच दिवशी संध्याकाळी मराठीत प्रश्न लिहावेत: हे असे का होते? याचे उदाहरण कोणते? तळाशी चार ओळींचा सारांश प्रथम मराठीत लिहावा, काही आठवड्यांनी दोन्ही भाषांत, आणि सत्र संपेपर्यंत इंग्रजीत. मराठी ही येथे कुबडी नसून पायरी आहे. समजले की नाही, हे त्या चार ओळी लगेच सांगतात.

दुसरी सवय वाचनाची. परीक्षेआधी धडा चार वेळा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. म्हणून पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, आणि मग पुस्तक उघडून राहिलेले भरावे. पहिल्या प्रयत्नात मराठी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ झाली तरी बिघडत नाही.

तिसरी गोष्ट उत्तरलेखनाची. बरेच गुण प्रश्नाचे क्रियापद न वाचल्यामुळे जातात. 'डिफाइन' म्हटले असता नेमकी व्याख्या हवी असते, 'कंपेअर' म्हटले असता साम्य आणि भेद. 'डिस्कस' म्हटले की विविध बाजू मांडून तोलाव्या लागतात. 'जस्टिफाय' म्हटले की विधानाला कारणांचा आधार द्यावा लागतो. चारही प्रश्नांना पाठ केलेला एकच परिच्छेद लिहिणारा विद्यार्थी चारही ठिकाणी अपुरा पडतो. उत्तरास हात घालण्यापूर्वी दोन मिनिटे मुद्द्यांचा आराखडा करावा. तो मराठीत सुचला तर मराठीत करावा. वाक्ये मात्र आराखड्यावरून सरळ इंग्रजीत रचावीत. मराठी वाक्य मनात पूर्ण तयार करून त्याचे शब्दशः भाषांतर करू नये. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. लांबलचक मराठी वाक्य तसेच उचलले की ते इंग्रजीत कोसळते. एका वाक्यात एकच विचार, कर्ता आणि क्रियापद जवळजवळ, एवढे पथ्य पहिले वर्षभर पुरेसे आहे. 'ए', 'ॲन', 'द' या उपपदांसारखे काही मराठीत नाही, म्हणून आपल्या मुलांच्या लेखनात ती हमखास गळतात. अशा नेहमीच्या चुकांची यादी वहीच्या मागच्या पानावर करावी आणि उत्तर लिहून झाल्यावर तेवढ्यासाठी एकदा वाचावे.

चौथी गोष्ट विचारण्याची. वर्गात सर्वांसमोर विचारण्याचे धैर्य नसेल, तर प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावा आणि तासानंतर प्राध्यापकांना तो वाचून दाखवावा. लिहिलेले वाक्य वाचताना जीभ कमी अडखळते. असे दहा प्रश्न विचारून झाले की अकरावा कागदावाचून विचारता येतो.

यात पालकांचा वाटा मोठा आहे, आणि त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. 'किती गुण मिळाले?' याऐवजी 'आज काय शिकलीस, ते मला मराठीत समजावून सांग' एवढेच विचारावे. स्वयंपाकघरात आईला चलनवाढ समजावून सांगता आली, तर ती मुलीला समजली असे खुशाल मानावे. सांगता आली नाही, तर तो धडा पुन्हा वाचायचा आहे, हे तिला न रागावताही कळते.

माजी विद्यार्थ्यांकडून या महोत्सवात देणगीची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. पण त्याहून मोलाची देणगी वेळेची आहे. आज प्रतिष्ठित पदांवर असलेल्या अनेकांचा हात कधीकाळी असाच बाकावर खिळून राहिला असेल. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील एकेका विद्यार्थ्याची आठवड्यातून दोन पाने वाचावीत. चुका दुरुस्त करून देऊ नयेत, फक्त अधोरेखित कराव्यात, म्हणजे दुरुस्ती तो स्वतः करील. आणि आपल्या पहिल्या चाचणीचे खरे गुण त्याला सांगावेत. नापास झालेला एक पेपर कबूल केल्याने मुलांना जो धीर येतो, तो यशाच्या दहा कथांनी येत नाही.

शाळेनेही आपल्यापुरते एक ठरवावे. नववी-दहावीच्या वर्गात आठवड्यातून एक तास असा असावा, की ज्यात विद्यार्थी कोणत्याही विषयावर अर्धे पान स्वतःच्या मराठीत लिहील आणि त्याचा तीन ओळींचा सारांश इंग्रजीत करील. या तासाला फळा, खडू आणि एक वही यांपलीकडे खर्च नाही. या तासातून तयार झालेली मुलगी महाविद्यालयात गेली, तर पहिल्या तासाला ती कदाचित गप्पच बसेल. पण संध्याकाळी घरी येऊन वहीच्या तळाशी चार ओळी लिहील, आणि विषय आपल्याला समजला आहे, हे तिला ठाऊक असेल.