पॉवरपॉइंट : पडद्यावर काय, तोंडी काय?

(उत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी बोलायला उभे राहणे जोखमीचे काम आहे. म्हणून थोडक्यात बोलतो. आपल्यापैकी बहुतेकजण नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आलो. कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी प्रयोगशाळेत. कामे वेगवेगळी, पण 'सोमवारी प्रेझेंटेशन आहे' हे वाक्य सर्वांच्याच घरी ऐकू येते.

पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. तेव्हा त्यावर मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करीत. साधन उत्तमच. पण ठिपके देऊन लिहिलेल्या ओळींत महत्त्वाची गोष्ट कशी हरवते, याचे एक उदाहरण सांगतो.

१६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून तो स्लाइडवर मांडला. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते: चाचण्यांची आकडेवारी पाहता आपला अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेला आहे, अशा अर्थाचे. खरी बाब तळाच्या बारीक ओळींत होती. प्रत्यक्षातला तुकडा सुमारे १,९२० घन इंचांचा आणि चाचणीतला ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! त्या चाचण्यांवर भिस्त ठेवण्यासारखी स्थितीच नव्हती.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले. कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असे मला म्हणायचे नाही. कारणे अनेक होती. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्या स्लाइडची वेगळी चिकित्सा केली आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर बोट ठेवले.

यातून मी तीन गोष्टी शिकलो.

पहिली, शीर्षकातच निष्कर्ष सांगावा, आणि तो खरा असावा. आपल्या जमाखर्चाच्या स्लाइडवर आपण 'जमाखर्च' एवढेच लिहितो. त्याऐवजी 'मांडवाचा खर्च वाढला, वर्गणी तेवढीच राहिली' असे लिहून पाहा. सभा लगेच जागी होते! वाईट बातमी असेल तर ती वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरात हवी.

दुसरी, स्लाइड वाचून दाखवू नये. श्रोते मनात आपल्यापेक्षा भरभर वाचतात. मग आपली वाट पाहत कंटाळतात. कीर्तनकार बुवा पूर्वरंगात एकच अभंग घेतात आणि सगळे निरूपण त्याभोवती फिरते. तसे एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवावा. निरूपण आपल्या तोंडी. मुद्दा समजावताना पडदा आड येत असेल, तर स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरील 'बी' दाबावे. पडदा काळा होतो आणि सगळे आपल्याकडे पाहू लागतात. पुन्हा 'बी' दाबले की स्लाइड परत येते.

तिसरी, बारीक तपशील कागदावर द्यावा. वीस रकान्यांचा तक्ता पडद्यावर टाकून 'हे मागे दिसत नसेल, पण...' असे म्हणण्यात काय अर्थ? मागच्यांना दिसत नसेल तर ती स्लाइड कोणासाठी? आकडे छापून वाटावेत, म्हणजे लोक शांतपणे वाचून प्रश्न विचारू शकतील.

जाता जाता मराठीत स्लाइड करणाऱ्यांना एक सूचना. युनिकोड फॉन्टच वापरा. जुन्या पद्धतीचा फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की ऐन वेळी अक्षरांची खिचडी होते. सोबत पीडीएफ प्रतही ठेवा, आणि सभागृहातल्या संगणकावर आधी एकदा उघडून पाहा.

रंग, हलती चित्रे, सजावट जरूर असू द्या. आपणही मखर सजवतोच. पण मखर कितीही देखणे असले, तरी दर्शन मूर्तीचे घ्यायचे असते. आपल्या बोलण्यातली मूर्ती कोणती, हे आधी कागदावर एका वाक्यात लिहा. ते वाक्य सुचेपर्यंत संगणक उघडू नका.

 गणपती बाप्पा मोरया!