मायक्रॉनचा हिशेब



परवा मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली. घरून पिशवी न्यायला विसरलो होतो. भाजीवाल्या मावशींनी इकडेतिकडे पाहिले, पोत्याखालून एक पातळ, दुधट रंगाची पिशवी ओढली आणि जुडी तीत कोंबून माझ्या हाती दिली. मी म्हटले, "मावशी, याला बंदी आहे ना?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर पोत्याखाली ठेवते, सर. नाही दिली तर तुम्ही पलीकडच्या गाडीवर जाल." यावर मला उत्तर सुचले नाही. मुकाट्याने घरी आलो. पिशवी अर्थातच घेऊन आलो.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून ती अमलात आणली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. कायदा झाला मंत्रालयात. तो राबवायचा मात्र नगरपालिकेच्या निरीक्षकाने, मंडईच्या दारात, एकेक पिशवी धरून. आता जुडीमागे दोनचार रुपये सुटणाऱ्या बाईला पाच हजारांची पावती फाडायची म्हणजे निरीक्षकाचाही हात अडखळणारच. मग दोन दिवस मोहीम निघते, पिशव्या जप्त होतात, आणि तिसऱ्या दिवशी पोत्याखाली नवा गठ्ठा येतो.

बंदीची गरज खोटी होती असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. भरती होती, मिठी नदीचे पात्र आक्रसलेले होते, हे सारे खरे. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्याही तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे आल्या. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, राज्याने अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला. २०१८ ची बंदी त्याच कायद्याखालची.

या सगळ्या नियमांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्राच्या नियमांनी १९९९ मध्ये पिशवी निदान २० मायक्रॉन जाड हवी असे ठरवले. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. ही जाडी डोळ्यांनी ओळखणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही! मग हा खटाटोप कशासाठी?

त्याचे उत्तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हिशेबात आहे. ती माल विकते किलोवर. पाण्याची बाटली उचलली तर हाताला काही वजन लागते. पातळ पिशवी दोनतीन ग्रॅमची, त्यातून ओल्या कचऱ्याने बरबटलेली. किलो भरायला तशा शेकडो वेचाव्या, धुवाव्या, वाळवाव्या लागतात. ही मेहनत कोणाला परवडेल? ती पिशवी तिथेच पडून राहते, गटारात जाते, गाईच्या पोटात जाते. पिशवी जाड केली की ती महाग होते, दुकानदार फुकट देत नाही, आणि टाकली तरी कोणीतरी उचलते. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिथल्या एखाद्या बाईपुढे आपली कचऱ्याची बादली उपडी करून पाहा. काय विकले जाईल आणि काय नाही, हे ती एका नजरेत सांगते.

जाता जाता एक सांगतो. साड्यांच्या दुकानात मिळणारी ती कापडासारखी पिशवी कापडाची नसते. तिचा एक धागा काडीने पेटवून पाहा. सुती धाग्याची राख होते, हा मात्र वितळून गोळा होतो.

वापरलेल्या वस्तूला किंमत देण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीत मिळे. रिकामी बाटली दिली की भरलेली हाती येई. बाटल्या रस्त्यावर पडत नसत, कारण त्या वाचून दूध मिळत नसे. २०१८ च्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या काही रक्कम देऊन परत घ्याव्यात, असे कलम होते. माझ्या दारी मात्र रिकामी पिशवी मागायला आजवर कोणी आले नाही. सगळ्या नियमांत मला हेच कलम शहाणपणाचे वाटले होते, आणि मोहीम निघाली ती भाजीच्या गाडीवर.

नगरपालिकेला याहून सोपे काही करता येते. चेन्नईच्या कोयंबेडू मंडईत २०२२ मध्ये एक यंत्र बसवले गेले; दहा रुपये टाकले की पिवळी कापडी पिशवी बाहेर येते. विसरभोळ्या माणसाची सोय झाली, आणि दहा रुपये मोजलेले असल्यामुळे ती पिशवी तो सहसा फेकत नाही. आमच्या मंडईच्या दाराशी यंत्र नको, बचतगटाची एखादी बाई टेबल टाकून बसली तरी पुरे. पैसे घेऊन पिशवी द्यायची, परत आणली की पैसे परत. दंडाच्या पावत्या छापण्यापेक्षा त्याला फार खर्च येईल असे वाटत नाही.

गेल्या शनिवारी मी आठवणीने पिशवी नेली आणि ऐटीत मावशींपुढे धरली. त्यांनी जुडी टाकली, पैसे घेतले. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या सातआठ रिकाम्या हातांच्या गिऱ्हाइकांकडे पाहत त्यांनी विचारले, "सर, यांचं काय करू?"