पक्ष, साध्य आणि एक गाडी
(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'आयटीतली पंचवीस वर्षं'. पण गेल्या पाडव्याला माझ्या नव्या गाडीचा फोटो आपल्या ग्रुपवर आला. तो मी टाकला नव्हता, आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीनं टाकला. त्याखाली पहिलाच प्रश्न आला, "मर्सिडीजच घ्यायची होती तर सी का? ई का नाही?" पुढे दोन दिवस चर्चा चालली. मी फक्त एक हसरा चेहरा टाकला आणि गप्प बसले. त्या प्रश्नाचं उत्तर आज देते. आयटीबद्दल तुम्ही रोज ऐकताच.

आधी एक कबुली. आपण निगडी-पिंपरीची मुलं. आपल्यातल्या निम्म्यांचे वडील टेल्कोत नाहीतर बजाजमध्ये. माझे बाबा टेल्कोत टूलरूमला होते. १९९५ साली, आपण नववी-दहावीत असताना, मर्सिडीजची भारतात जोडलेली पहिली ई-क्लास टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातूनच बाहेर पडली. बाबांचं काम वेगळ्या विभागात, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती गाडी लांबून पाहिली आणि घरी येऊन आईला फक्त दाराचा आवाज करून दाखवला होता. पुढे २००९ मध्ये मर्सिडीजचा कारखाना चाकणला सुरू झाला. आज सी आणि ई दोन्ही तिथेच जोडल्या जातात. म्हणजे मी ज्या दोन गाड्यांमध्ये अडकले होते, त्या दोन्ही आपल्याच गावाजवळच्या.

दुसरी गोष्ट १९९८ची. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि फीसाठी बाबांनी त्यांची बजाज सुपर विकली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते कंपनीच्या बसनं गेले. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गाडीच्या निर्णयात ते सगळ्यात पुढे उभं होतं.

आता गाड्यांकडे येते. दोन्हीची डिझेल मॉडेलं घेतली, सी २२० डी आणि ई २२० डी, तर गंमत अशी की इंजिन एकच. १९९३ सीसी, टॉर्क ४४० न्यूटन मीटर, ताकद साधारण २०० अश्वशक्ती, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि सोबत ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा. मग फरक कशाचा? मुख्यतः लांबीचा. सी-क्लासची लांबी ४७५१ मिलिमीटर, आपल्याकडच्या ई-क्लासची ५०९२. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सीचं २८६५, ईचं ३०९४. म्हणजे जवळजवळ २३ सेंटीमीटर जास्त. युरोपातल्या साध्या ई-क्लासमध्ये हेच अंतर २९६१ आहे. आपल्याकडे २०१७ पासून मुद्दाम लांब केलेली ई-क्लास मिळते, कारण आपल्याकडे अशा गाडीचा मालक बहुधा मागे बसतो. त्या वाढीव लांबीतला बहुतेक भाग मागच्या माणसाच्या पायांना जातो. मागची सीट ३६ अंशांपर्यंत कलते, मांडीखालची गादी पुढे सरकते. शिवाय स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. सीमध्ये तीच स्टेपनी सामानाची जागा खाते.

मी ई घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. नवरा म्हणाला, "चालवणार तूच आहेस, मग मागच्या जागेचे पैसे कशाला?" मी म्हणाले, "बाबांसाठी." यावर तो काही बोलला नाही. घरात 'बाबांसाठी' म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

तरी इंजिनिअर आहे, म्हणून हिशोब मांडला. फेब्रुवारीभर एका वहीत रोजच्या फेऱ्या लिहिल्या. आमची जुनी हॅचबॅक २३ दिवस बाहेर पडली. त्यातले १७ दिवस हिंजवडीला जाऊन-येऊन मी एकटी. दोन दिवस लेक आणि तिची खेळाची भलीमोठी बॅग. चार दिवस आई-बाबा, तीनदा डॉक्टर आणि एकदा आळंदी. किमतीतला फरक वीस लाखांहून जास्त. त्यावर महाराष्ट्रातला एकरकमी रस्ताकर, एवढ्या किमतीच्या डिझेल गाडीला १५ टक्के, म्हणजे आणखी तीन लाख. विम्याचा हप्ता वेगळा. सोसायटीतली माझी पार्किंगची जागा अडीच बाय पाच मीटर आखलेली आहे. ५०९२ मिलिमीटरची गाडी तिथे लावली तर नऊ सेंटीमीटर रेषेच्या बाहेर, आणि मागे भिंत आहे तिला टेकवून लावली तरच. हे सगळं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि तरीही म्हणाले, चार दिवस तर चार दिवस, बाबा मागे ऐसपैस बसले पाहिजेत.

टोकन भरायच्या आदल्या शनिवारी आई-बाबांना शोरूममध्ये घेऊन गेले. त्यांना सांगितलं होतं, रंग बघायला जायचंय. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिथल्या मुलानं अदबीनं ईचं मागचं दार उघडलं. बाबा बसले. त्यानं सीट मागे कलती केली, खिडकीचे पडदे लावले. बाबा दहा मिनिटं छताकडे बघत होते. मग म्हणाले, "छान आहे गं. पण मी इथे करू काय?"

मला काही कळेना. ते म्हणाले, "मला पुढे बसव. रस्ता दिसला पाहिजे. इतकी वर्षं कंपनीच्या बसमध्ये झोपून गेलो आणि झोपून आलो. आता जागा आहे तर बघू दे की."

आई दुसऱ्या बाजूनं बसली होती. ती म्हणाली, "मला आधी यातून उठवा, मग तुमचं काय ते ठरवा."

घरी येऊन वही पुन्हा काढली. 'मागे कोण' असा रकाना मीच आखला होता आणि चारही दिवस त्यात 'आई-बाबा' लिहिलं होतं. प्रत्यक्षात चारही दिवस बाबा माझ्या शेजारी पुढे बसले होते. ग्लोव्हबॉक्सवर हात ठेवून, प्रत्येक सिग्नलला "पिवळा झाला बघ" म्हणत. आणि मी लिहिताना ते मागे लिहिले, कारण माझ्या डोक्यात ते मागे बसलेले होते.

आपल्या भूमितीच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही प्रमेय लिहिताना पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाशिवाय एक गुण देत नव्हता. साध्य चुकलं की पुढची सिद्धता कितीही सुंदर असो, तिच्यावर लाल काट मारायचात. माझं तेच झालं होतं. मी वर लिहिलं होतं, 'साध्य : आमच्यासाठी योग्य गाडी कोणती.' मनात मात्र साध्य वेगळंच होतं. बजाज सुपर परत करायची. ज्या माणसानं लांबून दाराचा आवाज ऐकला, त्याला त्या दारातून आत, मागच्या सीटवर बसवायचं. आणि त्या माणसाला ते हवं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या धंद्यात वापरणाऱ्याला न विचारता सॉफ्टवेअर बनवलं तर मीच ज्युनिअर मुलांना झापते.

पुढच्या शनिवारी दोघांना परत नेलं, या वेळी सीमध्ये. बाबांना पुढच्या सीटवर बसवून पाहिलं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगते, पुढची सीट बटणानं उंच करता येते आणि मागे सरकवता येते. आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. मागच्या सीटची उंची बदलत नाही. आईला मागे गुडघ्यासमोर भरपूर जागा उरली, तिची उंची तुम्हाला माहीत आहेच. मी दोन्ही गाड्या चालवूनही पाहिल्या. ई अधिक शांत, खड्ड्यावरून अधिक मऊ जाते, हे मान्यच करायला हवं. पण आकुर्डीच्या गल्लीत वळवताना सी माझ्या हातात राहिली.

म्हणून सी घेतली. वाचलेल्या पैशातून कर्ज सात वर्षांऐवजी पाच वर्षांचं झालं.

ईमध्ये काही वावगं नाही. आपल्यातल्या एका डॉक्टर मित्रानं तीच घेतली आहे. त्याच्याकडे ड्रायव्हर आहे, तो रोज दोन तास मागे बसून रिपोर्ट वाचतो. त्याचं साध्य वेगळं आणि त्याचं उत्तर बरोबर. तुमच्यापैकी कुणी अशा पेचात असेल तर दोनच कामं करा. पार्किंग टेपनं मोजा, आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना गाडीत बसवून गप्प राहा. ते काय म्हणतात ते ऐका.

ते ऋण राहिलं का? राहिलं. ते गाडीनं फिटेल असं मला का वाटलं, कोण जाणे. गेल्या महिन्यात आम्ही चाकणमार्गे भीमाशंकरला गेलो. कारखान्याच्या बाजूनं जाताना बाबा म्हणाले, "हळू घे." मी हळू घेतली. ते काही बोलले नाहीत. पुढे मोकळा रस्ता लागल्यावर एवढंच म्हणाले, "दार जरा हळू लावत जा. आवाज चांगला आहे म्हणून आपटायचं नसतं."

बाबा आज इथे आले आहेत. गाडीत ते पुढे बसतात, पण हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेत. भाषण लांबलं तर उठून चहाला जाता येतं, असं म्हणाले. म्हणून थांबते.